फक्त तिचं बोलणं

सोशिक, प्रेमळ, त्यागी, स्वाभिमानी. मराठीच्या पेपरात ‘नायिकेचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न आला की मुलं ही विशेषणं डोळे मिटून लिहून मोकळी होत. नायिका कोणती का असेना. कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा सुरुवातीला मी ते निमूट तपासलं. मग माझं डोकं फिरलं. मी वर्गात सांगितलं, पुस्तकात ती बाई स्वतःच्या तोंडाने जे बोलते तेवढंच कागदावर उतरवा. तिच्याबद्दल लेखक काय म्हणतो, नवरा काय म्हणतो, सासू काय म्हणते, ते सगळं गाळा. मग मला सांगा ती कशी आहे.

सहकाऱ्यांना वाटायचं, बाईंनी हे कुठल्यातरी नव्या समीक्षेतून उचललं. तशी पुस्तकं पुढे आली आणि मी ती आवडीने वाचली, पण ही युक्ती माझ्याकडे त्याआधीपासून होती. ती मला आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, रातांबे फोडताना मिळाली. जिच्यामुळे मिळाली त्या माझ्या काकीला साहित्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तेव्हा स्वतःची चूल वाचवायची होती.

आमचं गाव आचरा आणि मिठबाव यांच्या मधलं, खाडीला लागून. घर एकच, पण त्याची मधोमध वाटणी झालेली. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला काकी एकटी. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. लग्नानंतर वर्षभरात तो मुंबईला गिरणीत गेला आणि तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड केलं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि काकीसमोर कुणी त्याचा उच्चार करत नव्हतं. आधी तो गणपतीला तरी यायचा, मग तेही थांबलं. काकीला मूलबाळ नव्हतं. वाट्याला आलेले माड, भाताचा एक तुकडा आणि एक म्हैस यांवर तिने आपलं चालवलं होतं, आणि बरं चालवलं होतं. सणासुदीला ती आमच्याकडे जेवायची, एरवी तिची चूल वेगळी.

त्या वर्षी मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते. मे महिना म्हणजे रातांब्यांचा. झाडावरून काढलेली फळं फोडायची, गर वेगळा काढायचा, सालं उन्हात घालायची, त्याच रसात बुडवून पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे वर्षाची आमसुलं होतात. दुपारी खळ्यातल्या मांडवाखाली आई, काकी आणि शेजारची एक म्हातारी फोडायला बसायच्या. मी वाचून दाखवायची. माझे हात मुद्दाम मोकळे ठेवलेले, कारण लाल हातांनी पुस्तक धरलं असतं तर मास्तरांनी मला पुन्हा शाळेच्या कपाटाजवळ उभं केलं नसतं. गावचं वाचनालय म्हणजे शाळेतलं ते एक कपाट.

त्यातूनच मी एक जाडजूड कादंबरी आणली होती. तिची पहिली पानं गळून पडली होती, त्यामुळे ती कुणी लिहिली ते आम्हाला कधीच कळलं नाही. गोष्ट अशी. एका खेड्यातल्या सुंदर, कुलीन मुलीचा नवरा शहरात जातो, तिथे एका बाईच्या नादी लागतो. ही गावात तुळशीपाशी दिवा लावून त्याची वाट बघत राहते. वर्षं जातात. लेखकाने तिच्या डोळ्यांवर, केसांवर आणि अश्रूंवर पानंच्या पानं खर्ची घातली होती. मला ती कादंबरी अतोनात आवडली होती. मी ती पुढे एकटीने वाचून संपवली होती आणि माजघरात उशीत तोंड खुपसून रडलेही होते. शेजारची म्हातारी तर रोज पदर भिजवून घरी जायची. आई मधेच उठायची, भाताला आधण ठेवायची, गुरांना पाणी दाखवायची, आणि परत येऊन विचारायची, “मगे काय झाला?”

काकी नुसती भराभर रातांबे फोडायची.

कादंबरी अर्ध्यावर आली असताना मुंबईहून आगबोटीने आलेला गावातला एक चाकरमानी वडिलांना भेटायला आला. पावसाआधी बोटी बंद व्हायच्या होत्या, त्याआधीच्या एखाद्या बोटीने काका येणार, आणि आता कायमचाच येणार, असं त्याने सांगितलं. गिरणीने घरी बसवलं होतं. छातीचं दुखणं लागलं होतं. त्या दुसऱ्या बाईने दार लावून घेतलं होतं.

वडिलांना आनंद झाला. भाऊ तो. त्यांनी आईला सांगितलं, आणि आईने ते काकीला सांगायचं. घरातली अवघड बोलणी नेहमी आईच्याच गळ्यात पडायची. काकी म्हशीला अंबोण घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वयनी, तेंका माझ्या चुलीर नको.”

आई म्हणाली, “अगो, दुखणेकरी आसत ते.”

“आसतीत. माझ्या चुलीर नको.”

ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. नवरा परत येतोय आणि बाई नको म्हणते, असं कुणी ऐकलं नव्हतं. वडील चिडले नाहीत, पण गोंधळले. त्यांनी काकीला समजावलं, मग काकीच्या भावाला बोलावून त्याच्याकडून समजावलं. काकी ऐकायची आणि आपलं तेच वाक्य म्हणायची. घरात निकाल लागत नसेल तर आमच्याकडे तो देवळात लागतो. काका आला की देवाला कौल लावायचा असं ठरलं. देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात आणि वाट बघतात. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कौल मिळाला की तो मोडायची कुणाची छाती नसते.

काकीला याची कल्पना होती. एकदा उजवा कौल झाला की त्या माणसाचं अंथरूण तिच्या माजघरात, त्याचं ताट तिच्या चुलीपुढे. पंधरा वर्षं तिने जे उभं केलं ते एका कळीवर येऊन ठेपलं होतं.

दुपारचं वाचन मात्र थांबलं नाही. शेवटचं प्रकरण आलं. नवरा परत येतो, खंगलेला, दाढी वाढलेली. दारात उभं राहून तो पश्चात्तापाचं भाषण करतो. ते भाषण भलतं लांब होतं आणि मी ते अगदी आवाज चढवून-उतरवून वाचलं. मग ती काही न बोलता त्याचे पाय धुते, ते पाणी डोळ्यांना लावते, आणि लेखक म्हणतो, तिच्या जन्माचं सोनं झालं.

म्हातारीने नाक शिंकरलं. “अशी व्हयी बायल,” ती काकीकडे बघून म्हणाली. “देवी गो ती.”

काकीने हातातलं फळ खाली ठेवलं. “चेडवा,” ती मला म्हणाली, “हो बापयो येवढा बोललो. ती काय बोलली?”

“ती काही बोलत नाही. पाय धुते.”

“ता नाय म्हणणंय मी. सगळ्या पुस्तकात ती काय बोलली? तिचा तेवढा वाच. लिवणाऱ्याचा नको, तेचा नको. फक्त तिचा.”

मला राग आला. इतकी सुंदर कादंबरी, आणि हिचं हे भलतंच. पण काकीला नाही म्हणायची सोय नव्हती. मी पहिल्या उरल्यासुरल्या पानापासून सुरुवात केली आणि पानं उलटत फक्त नायिकेची वाक्यं वाचत गेले.

“चहा ठेवू का?”

“इश्श!”

“आपण कधी याल?”

“जशी आपली इच्छा.”

“नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं.”

“सासूबाई, जेवायला चला.”

पुढे बरीच पानं काहीच नाही. केस होते, डोळे होते, सांज होती, दिवा होता, पण बोलणं नव्हतं. एके ठिकाणी तिने “पण मला...” अशी सुरुवात केली होती, आणि तिथे लेखकाने टिंबं देऊन तिचा कंठ दाटून आणला होता. पुन्हा “जशी आपली इच्छा.” पुन्हा “जेवायला चला.” आणि संपलं. पाटीतले रातांबे अजून निम्मे शिल्लक होते.

आधी हसली ती म्हातारीच. मग आईपण. मग मलाही हसू फुटलं, आणि त्याच वेळी फसवल्यासारखं वाटलं. जिच्यासाठी मी उशी भिजवली ती बाई त्या पुस्तकात नव्हतीच. तिच्याविषयी लिहिणारा तेवढा होता.

म्हातारीने बाजू सोडली नाही. “बोलली नाय म्हणान काय झाला? ती करता. कामान बोलता.”

“काम कोणाचा, ता सांग,” काकी म्हणाली.

“आणि ‘पण माका’ म्हणान काय सांगणार होती ती?” आईने विचारलं.

त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. आम्ही बराच वेळ त्यावर भांडलो. म्हातारीचं म्हणणं, तिला माहेरी जायचं असणार. आई म्हणाली, तिला झोप हवी असणार. काकी म्हणाली, काय हवं होतं ते सोडा, तिचं वाक्य पुरं का नाही झालं ते बघा. त्या दुपारी कादंबरीपेक्षा ते भांडण मला जास्त आवडलं, हे कबूल करायला हवं.

त्यानंतरच्या बोटीने काका आला. मी मनात एक दुष्ट माणूस तयार ठेवला होता, आणि आला तो हसतमुख, बारीक, खोकणारा, सगळ्यांना नावाने ओळखणारा माणूस. त्याने मला मुंबईच्या नाटकांच्या गोष्टी सांगितल्या. मला तो आवडला, आणि आवडला याचा वैतागही आला. कौल होईपर्यंत त्याने आमच्या पडवीत राहायचं ठरलं होतं. काकी खळ्यातून जायची तेव्हा तो पाय आखडून घ्यायचा. तिच्याशी तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या वतीने बोलायला अख्खा गाव होता.

कौलाच्या दिवशी देवळात गर्दी होती. पुरुष पुढे, आम्ही बायका मागे खांबांच्या ओळीपलीकडे. गुरवाने कळ्या लावल्या. मानकऱ्यांपैकी सगळ्यांत वडीलधारे पुढे झाले आणि त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मांडलेली फिर्याद. त्याला एक चाल असते. एकेक वाक्य चढत जातं आणि ते खाली आलं की जमलेले सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आमच्याकडचं मूल बोलायला लागतं तेव्हापासून हे त्याच्या कानात असतं.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“परदेशात चुकलो असात, माकलो असात, तर तेका पदरात घी!”

“व्हय म्हाराजा!”

“तेना आपल्या घराक ऱ्हवचा आसात, तर उजवो कौल दी!”

“व्हय म्हाराजा!”

मला खळ्यातली दुपार आठवली. तो चुकला, तो आला, त्याला पदरात घे. सगळ्या गाऱ्हाण्यात काकी कुठे होती? मी कान देऊन ऐकत होते. ती कुठेच नव्हती, ‘तेची बायल’ एवढ्यापुरतीसुद्धा नाही.

उजवीकडची कळी पडली. पुरुषांनी हात जोडले. वडिलांनी डोळे पुसले. काका खाली बघत होता. सगळे उठायच्या बेतात असताना काकी बायकांतून निघाली आणि खांब ओलांडून पुढे गेली. कुणी तिला अडवलं नाही, कारण असं कुणी जाईल हेच कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मानकरी बरे माणूस. ते म्हणाले, “बाये, तुका काय इचारूचा आसा देवाक? माका सांग, मी इचारतंय.”

“माका इचारूचा नाय,” काकी म्हणाली. “माका सांगूचा आसा.”

आणि तिने हात जोडून, मानकऱ्यांच्याच चालीत, अगदी त्याच चढणीने आवाज काढला.

“बा देवा म्हाराजा! पंधरा वर्सां मी एकटेन माझी चूल पेटवलंय!”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ म्हणालं.

“कोणाच्या दारात मागूक गेलंय नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“तू कौल दिलंस, तो माझ्या माथ्यार! घर दोन भावांचा आसा, जेंका ऱ्हवचा आसा तेंनी घरात ऱ्हवचा!”

“व्हय म्हाराजा!”

“पण भावाच्या अंगाक ऱ्हवचा, भावाकडे जेवचा! माझ्या चुलीर नाय!”

“व्हय म्हाराजा!”

शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ सगळ्यांत मोठं झालं, कारण तोवर सूर पक्का बसला होता. मानकऱ्यांनीही म्हटलं. वडिलांनीही म्हटलं. मग आपण काय म्हटलं ते एकेकाच्या लक्षात यायला लागलं. मागून कुणी बाई फिस्सकन हसली. मानकऱ्यांनी गुरवाकडे बघितलं, गुरवाने देवाकडे. देवासमोर सगळ्या गावाने व्हय म्हटलेलं परत कसं घ्यायचं, याची आमच्या गावात काही वहिवाट नव्हती. काकीने देवाला नमस्कार केला आणि ती घरी म्हशीची धार काढायला गेली.

काका आमच्या बाजूला राहिला. पडवीचा एक कोपरा त्याला बांधून दिला. काकीने तिची चूल राखली आणि तिच्या पद्धतीने जगली. तिने माडांची नवी रोपं लावली, एक म्हैस वाढवली. काकाशी ती भांडली नाही. खळ्यात समोर आला तर “बरा आसा?” म्हणून विचारायची आणि पुढे जायची. गावातल्या बायकांनी आधी तिला नावं ठेवली आणि मग हळूच आपली भांडणं तिच्याकडे न्यायला सुरुवात केली.

मी कॉलेजसाठी कोल्हापूरला गेले. वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर मी ही गोष्ट रंगवून सांगायची. काकीचा आवाज काढायची, आणि शेवटच्या ‘व्हय म्हाराजा’ला सगळ्या मुली टाळ्या वाजवायच्या. बी.ए.च्या वर्गात एकदा एका गाजलेल्या नायिकेवर मी तिची फक्त वाक्यं मांडून निबंध लिहिला. प्राध्यापकांनी शेरा मारला, ‘विषयाला सोडून.’ मला तो शेरा आजही पटत नाही.

काका गेला ते साठच्या दशकाच्या मध्यावर. शेवटची दोनतीन वर्षं तो अंथरुणालाच होता. मी सुट्टीत घरी आले तेव्हा त्याचं दिवसकार्य उरकलं होतं, आणि आई पडवीतला तो कोपरा शेणाने सारवत होती. त्याची थाळी, पेजेचं भांडं, थुंकीचं घमेलं बाहेर उन्हात घासून ठेवलं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि मुलींना ती गोष्ट किती आवडते ते तिला सांगितलं. देवळातला सगळा प्रसंग मी तिच्यापुढेही करून दाखवला. एका बाईने अख्ख्या गावच्या पुरुषांना कसं गुंडाळलं, असं म्हणून मी हसले. त्यांना कळलंच नाही, आपण कशाला हो म्हणतोय ते.

आई सारवायची थांबली नाही. “झ्याक बोलली ती,” ती म्हणाली. “तेवढा कोणी तरी बोलूक व्हया होता.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “मीय बायकांत उभी होतंय. ‘भावाकडे जेवचा’ म्हणाली तेव्हा मीय म्हटलंय, व्हय म्हाराजा.”

“सगळ्यांनीच म्हटलं ना,” मी म्हणाले.

“बापये सवयीन म्हणाले गो.” तिने शेणाचा हात बादलीत बुडवला आणि पुढची ओळ ओढायला घेतली. “भावाकडे म्हणजे कोणाकडे, ता थंय एकट्या माका ठावक होता. मी समजान म्हटलंय.”